कोर्टाची पायरी कोणत्या दाराने चढायची?

प्रश्न: माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळा-कॉलेज हिंदी माध्यमातून, घरी मराठी. यजमान एका खासगी छापखान्यात मशीनवर आहेत आणि मी घरून डबे देते. मुलीला कायदा शिकून जज व्हायचं आहे. शेजारचे म्हणतात, कोर्टात वकिलांचीच मुलं पुढे जातात, त्यापेक्षा स्टेनो शिकवा आणि तिथेच नोकरीला लावा. दोन वर्षांत तिचा घराला थोडा हातभार लागावा, अशी आमची गरज आहे. सासूबाईंना मात्र मुलीने कोर्टात जाणंच पसंत नाही. काय करावं?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर:

ताई, नमस्कार.

ओळखीपाळखीची काळजी तुम्ही गरजेपेक्षा जास्त करताय. खरा विचार करायला हवा तो कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, याचा. कोर्टातल्या काही वाटा एकमेकींना पूरक आहेत, तर काही अशा आहेत की एकीवर पाऊल ठेवलं की दुसरी थांबते. शेजाऱ्यांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण त्यात नेमकी हीच गोष्ट सुटली आहे.

आधी कोर्टात कामाला कोण असतं ते पाहू. जिल्हा न्यायालयातल्या एका खोलीत वर न्यायाधीश बसतात. त्यांच्यासमोर खाली दिवसभराच्या फायलींचा गठ्ठा घेऊन प्रस्तुतकार बसतो, त्याला सगळे रीडर म्हणतात. बाजूला साक्षीदाराचं म्हणणं टाइप करणारा साक्ष्य लेखक, आत निकाल लिहून घेणारा स्टेनो आणि दाराशी पुकारा करणारा भृत्य. खोलीबाहेर पैशांची आणि जप्तीची कामं पाहणारा नाजिर, कागदांच्या प्रती देणारी नकल शाखा, रेकॉर्ड रूम, जप्त मुद्देमाल ठेवायचा मालखाना, समन्स घेऊन गावोगाव फिरणारे आदेशिका वाहक. त्याशिवाय सरकारी वकील, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधिक सेवा प्राधिकरणाचे वकील, वकिलांचे मुंशी, टायपिस्ट, नोटरी. ही सगळी माणसं एकाच घडणीच्या घरांतून आलेली नाहीत. २०१९ मध्ये इंदूर जिल्हा न्यायालयातल्या एका वाहनचालकाचा मुलगा व्यवहार न्यायाधीशाच्या, म्हणजे सिव्हिल जजच्या, परीक्षेत निवडला गेला. आजोबा त्याच न्यायालयात चौकीदार होते. ही बातमी इंदुरात सगळ्यांनी वाचलेली आहे. न्या. रमेशचंद्र लाहोटी यांनी गुना इथे वकिली केली, १९७७ मध्ये थेट जिल्हा न्यायाधीश झाले, वर्षभरात ते पद सोडून पुन्हा वकिलीत आले आणि २००४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तीही एका आईच्या पत्रापासूनच सुरू झाली. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत दृष्टिबाधित उमेदवारांना वगळणारी तरतूद होती. एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि ३ मार्च २०२५ रोजी ती तरतूद रद्द केली. तेव्हा या दारातून कोणी आत यायचं, हे शेजारपाजारच्या बोलण्यावर ठरवू नका.

आता स्टेनोच्या वाटेविषयी. ती मुळीच कमी दर्जाची नाही. न्यायाधीशाने तोंडी सांगितलेला निकाल जसाच्या तसा कागदावर आणणं ही मोठी जबाबदारी आहे. जिल्हा न्यायालयांची भरती उच्च न्यायालय काढतं. २०२१ मध्ये स्टेनोग्राफर आणि सहायक ग्रेड-३, म्हणजे कारकून, मिळून १,२५५ पदांची जाहिरात आली होती. अशी भरती दरवर्षी येत नाही, म्हणून तयारी जाहिरातीच्या आधी हवी. पदवीसोबत सीपीसीटीचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंग परीक्षेचं, स्कोअरकार्ड आणि संगणकाचा डिप्लोमाही लागतो. सीपीसीटीमध्ये ७५ प्रश्न असतात, शिवाय इंग्रजी आणि हिंदी टायपिंग. इंग्रजीला मिनिटाला ३० आणि हिंदीला २० शब्दांचा नेट वेग लागतो. नेट म्हणजे चुका वजा करून उरलेला. बरीच मुलं नुसत्या वेगाच्या मागे लागतात आणि चुकांमुळे खाली येतात.

हिंदी शॉर्टहँडमध्ये मिनिटाला ८० शब्दांचं लक्ष्य ठेवा. पाच मिनिटांच्या डिक्टेशनमध्ये ४०० शब्द होतात. पहिले पाच-सहा महिने खुणा बसण्यात जातात आणि ८० पर्यंत यायला साधारण वर्ष लागतं. गाडी बहुधा ६० च्या आसपास अडते, कारण क्लासमध्ये तेच ते उतारे फिरत असतात. मूल उतारा पाठ करतं, वेग वाढल्यासारखा वाटतो आणि परीक्षेत नवा उतारा आला की हात थांबतो. रोज एक तरी न ऐकलेला उतारा घ्यायला हवा आणि तो त्याच दिवशी टाइप करून तपासायला हवा. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच खुणा वाचता येत नाहीत. ‘उभयपक्ष’, ‘प्रतिपरीक्षण’, ‘अभियोजन के अनुसार’ असे कोर्टात सतत येणारे शब्द आणि तुकडे एकाच खुणेत लिहायची सवय लावली की वेगात मोठा फरक पडतो.

मराठी घरातल्या मुलांची एक चूक मात्र वेगळीच असते. मराठीत आपण ‘व्यक्ती’, ‘संपत्ती’, ‘विधी’, ‘भूमी’ असं दीर्घ लिहितो. हिंदीत ते ‘व्यक्ति’, ‘संपत्ति’, ‘विधि’, ‘भूमि’ असं ऱ्हस्व असतं. घरात मराठी वाचन असेल तर हात आपोआप दीर्घाकडे जातो. मालमत्तेच्या एका निकालात ‘संपत्ति’ वीस वेळा आलं तर चुकाही वीस मोजल्या जातात. अशा पन्नास-साठ शब्दांची यादी करून तिने ती टेबलासमोर लावावी. ‘है’ आणि ‘हैं’ यांतल्या अनुस्वाराकडेही लक्ष हवं.

पण ताई, अडचण पुढे आहे. पूर्ण वेळ नोकरीत असताना वकिलीची सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, चालत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात ठरवलं की व्यवहार न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. कोर्टात स्टेनो किंवा सहायक म्हणून केलेली वर्षं या तीन वर्षांत धरली जात नाहीत. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क, म्हणजे कायद्याच्या अभ्यासात मदत करणारा कायदा पदवीधर, म्हणून केलेलं काम मात्र धरलं जातं. म्हणजे मुलगी आज कर्मचारी झाली, तर पुढे कधीतरी नोकरी सोडून, सनद घेऊन, तीन वर्षं नव्याने काढावी लागतील. लागलेली सरकारी नोकरी सोडणं किती घरांना परवडतं, हे तुम्हाला सांगायला नको. एलएल.बी.चंही तसंच. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, ती पूर्ण वेळ नोकरी सांभाळून जमवणं फार अवघड. ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या कॉलेजपासून लांबच राहा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तिला खरोखर न्यायाधीश व्हायचं असेल, तर आधी तीन वर्षांची एलएल.बी. करावी आणि शॉर्टहँड-टायपिंग संध्याकाळी शिकावं. ते कसब कमाईसाठी वापरावं, पण कायम नोकरीत अडकू नये. आयटीआयचा स्टेनोचा वर्षभराचा कोर्सही चांगला आहे, पण एलएल.बी.सोबत दुसरा नियमित कोर्स करता येत नाही. त्यामुळे तिच्यासाठी खासगी संध्याकाळचा क्लास बरा.

पैसे यातूनच उभे राहतात. शुद्ध हिंदी टायपिंग येणाऱ्या मुलीला कोर्टाच्या आवतीभोवती काम मिळतं: वकिलांची आवेदनं, शपथपत्रं, जुन्या कागदांच्या टंकलिखित प्रती. तिने हिंदी टायपिंगच्या युनिकोड आणि जुनी कृतिदेव या दोन्ही पद्धती शिकाव्यात, कारण अनेक ऑफिसांत अजून जुन्याच फाइली चालतात. ही कमाई पगारासारखी ठरावीक नसते, हे धरून चाला. पण पहिल्या वर्षाअखेरीस क्लासची आणि पुस्तकांची फी तिची तिने भरावी आणि दुसऱ्या वर्षापासून घरी काही द्यावं, हे जमण्यासारखं आहे. त्याहून मोठा फायदा म्हणजे शंभर आवेदनं टाइप केलेल्या मुलीला आवेदन कसं लिहायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रवेशासाठी खुल्या वर्गाला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. म्हणून बी.ए.चं हे वर्ष हलकं घेऊ नये. इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालय आणि शासकीय नवीन विधि महाविद्यालय आहेत, खासगी कॉलेजंही बरीच आहेत. खासगी कॉलेजात फी विचारायच्या आधी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता कोणत्या सत्रापर्यंत आहे, ते पत्र दाखवायला सांगा. मान्यता नूतनीकरणात अडकलेली असेल तर पदवी हातात येते आणि सनद मिळत नाही.

प्रवेशाच्या आधी, सुट्टीत, तिने आठ-दहा दिवस कोर्टात जाऊन बसावं. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर कोणीही शांतपणे बसू शकतं. बलात्काराचे, पोक्सोचे खटले बंद खोलीत चालतात, तेवढे सोडून. मोबाइल बंद ठेवावा. एखादा दिवाणी दावा निवडून त्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपावा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढच्या पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, काय झालं ते पाहत राहावं. तारखा का पडतात, हे पाहून जिचा उत्साह टिकतो ती या कामात टिकते.

एलएल.बी. झाल्यावर एकही महिना वाया घालवू नये. तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात, त्यामुळे निकाल लागताच राज्य अधिवक्ता परिषदेकडे (स्टेट बार कौन्सिल), म्हणजे जबलपूरला, अर्ज गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. ही तात्पुरती सनद कायम होण्यासाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार परीक्षा १०० गुणांची बहुपर्यायी असते. टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. खुल्या वर्गाला ४५ टक्क्यांना उत्तीर्ण. सोपी म्हणून ती टाळत बसू नये.

ज्युनिअर म्हणून पहिली दोन वर्षं आर्थिकदृष्ट्या कठीण जातात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. बार कौन्सिलने २०२४ मध्ये शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये देण्याची शिफारस केली आहे, पण ती शिफारसच आहे. रुजू होण्याआधी सीनिअरना मोकळेपणाने विचारावं, त्यात संकोच नको. जिल्हा न्यायालयात रोज उभे राहणारे सीनिअर निवडावेत. नुसतं पुढची तारीख घेऊन यायला पाठवणाऱ्या ऑफिसात वर्ष निघून जातं आणि उलटतपासणी एकही ऐकली जात नाही. ज्या पेशीला ती हजर असेल, त्या दिवशीच्या आदेश पत्रिकेत (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) तिचं नाव नोंदवून घ्यावं आणि प्रत जपून ठेवावी. पुढे किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागेल आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रधान न्यायाधीशांची पुष्टीही. कागद असले की ते मिळायला त्रास होत नाही.

याच काळात दुसरी दारंही उघडी असतात. विधिक सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील व्यवस्थेत सहायक पदासाठी ० ते ३ वर्षांचा अनुभव चालतो आणि दरमहा मानधन मिळतं. सहायक जिल्हा लोक अभियोजन अधिकाऱ्यांची, म्हणजे फौजदारी खटल्यांतल्या सरकारी वकिलांची, भरती लोकसेवा आयोग करतो, त्याचं कार्यालय तर इंदुरातच आहे.

मुलगी साधारण २४ व्या वर्षी कायद्याची पदवीधर, २७ च्या सुमारास परीक्षेला पात्र. वयोमर्यादा ३५ असल्याने हातात वर्षं आहेत. परीक्षेत पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे टप्पे. मुख्य परीक्षेत निकाललेखन आणि हिंदी-इंग्रजी भाषांतर असतं. हिंदी माध्यमाची मुलं कायद्यात चांगले गुण मिळवून इथे मागे पडतात. रोज दहा ओळी इंग्रजीतून हिंदीत आणि दहा हिंदीतून इंग्रजीत, हे आजपासून सुरू करावं. जाहिरात येईल तेव्हा पात्रतेची अट पुन्हा वाचावी, या सेवेचे नियम अलीकडे बदलत आले आहेत. कनिष्ठ खंडाच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, व्यवहार न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे, तर सहायक ग्रेड-३ चं १९,५००. फरक मोठा आहे, पण परीक्षेची खात्री कोणालाच देता येत नाही. यजमानांचं काम अचानक थांबलं, घरावर खरंच संकट आलं, तर भरती निघताच तिने अर्ज करावा आणि नोकरी मानाने करावी. तो निर्णय तेव्हा घरच्यांनी तिच्यासोबत बसून घ्यावा.

सासूबाईंना सांगा, याच इंदूर संस्थानात पडद्यातल्या स्त्रियांची बाजू लेखी मांडायची खास परवानगी नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना मिळाली होती, पण उभं राहून युक्तिवाद करायचा हक्क नव्हता. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचा हक्क मिळाला. आज इंदुरात न्यायाधीशही महिला आहेत आणि वकीलही. एक दिवस सासूबाईंना सोबत घेऊन जा, बघितल्यावर भीती कमी होते.

शेवटी कागदपत्रं. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात: दहावीच्या गुणपत्रिकेत एक, आधारवर दुसरं, पदवीवर तिसरं. कुठे वडिलांचं नाव मध्ये आहे, कुठे नाही. कुलकर्णीचं कुळकर्णी झालेलं असतं. सनदेला आणि परीक्षेला सगळं दहावीप्रमाणे हवं, म्हणून बाकीची दुरुस्ती याच वर्षी करून घ्या. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर महाराष्ट्रातलं जातीचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. मध्य प्रदेशचंच लागतं आणि त्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० चा, ओबीसींना १९८४ चा इथल्या रहिवासाचा पुरावा मागतात. आजोबांच्या नावाची जुनी घरपट्टी, शाळेचा दाखला, नोकरीचा कागद असलं काही घरात असेल तर आत्ताच शोधून ठेवा.