सीव्हीआय (केमिकल व्हेपर इन्फिल्ट्रेशन, म्हणजे सच्छिद्र भागात वायू झिरपवून आत घन पदार्थ साचवण्याच्या) पद्धतीने कार्बन फायबर-सिलिकॉन कार्बाइड कंपोझिट बनवायला आठवडेच्या आठवडे का लागतात?

कारण इथे घाई केली की भाग बाहेरून भरतो आणि आतून पोकळ राहतो.

कार्बन फायबरचा सच्छिद्र प्रीफॉर्म (भागाच्या आकाराचा तंतूंचा सांगाडा) भट्टीत ठेवून आधी तंतूंवर कार्बनचा मायक्रॉनहूनही पातळ थर चढवतात. माझ्या मते सगळी करामत या थराचीच. तंतूंभोवतीच्या सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकमधला तडा तंतूपाशी आला की इथे वळतो, तंतू लगेच तुटत नाही. हा थर नसेल तर महागडं कंपोझिटही बशीसारखं फुटेल.

मग मिथाइलट्रायक्लोरोसिलेन (सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही पुरवणारं संयुग) वायुरूपात आणि हायड्रोजन भट्टीत सोडतात. सुमारे १००० अंश सेल्सिअसला सिलिकॉन कार्बाइड तंतूंवर साचतं, हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. (तो संक्षारक असतो, त्यामुळे बाहेर सोडण्याआधी त्याचा बंदोबस्त हवाच.)

तापमान वाढवलं तर अभिक्रिया वेगाने होते, पण वायू खोलवर झिरपण्याआधीच पृष्ठभागावर संपतो आणि तिथली छिद्रं बुजतात. म्हणून तापमान बेताचं आणि दाब कमी ठेवतात. तरीही वरची छिद्रं बुजतातच. मग भाग बाहेर काढून पृष्ठभाग घासायचा, पुन्हा भट्टीत. इतकं करूनही साधारण १० ते १५ टक्के सच्छिद्रता उरते.