शाळेच्या सहलीचं संमतीपत्र पालकांकडून वेळेवर परत हवंय ना, मग हे कर
अगं, शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी माझेही निम्मे फॉर्म दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात भिजलेले सापडायचे, त्यामुळे टेन्शन घेऊ नकोस. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला न्यायचंय म्हणजे सहल थंडीतच, आणि तेव्हा निफाडकडच्या पालकांची द्राक्षबागेची धावपळ चालू असते, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले शिफ्टला, मग सही करणार कोण आणि कधी? म्हणून फॉर्म शुक्रवारी अजिबात देऊ नको, शनिवार-रविवारात हरवतोच, सोमवारी दे, गुरुवारी परत माग, आणि खरी शेवटची तारीख मनात चार दिवस पुढची ठेव (हे पोरांना कळू देऊ नको बरं का). कागद पिवळा घे, पांढरा गठ्ठ्यात दिसत नाही. आणि ग्रुपवर नुसता पीडीएफ टाकून काही होत नाही, त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाक, कुठे जाणार, किती पैसे, किती वाजता परत, कारण काही आयांना वाचायचा संकोच असतो पण त्या सांगत नाहीत, आपण त्यांना निष्काळजी समजतो. उरलेल्या चार-पाच जणांना गेटवर सुटताना गाठायचं, जास्तीचे फॉर्म आणि पेन पर्समध्ये ठेवून. आजी न्यायला आली तर सही तिची घेऊ नको हां, फॉर्म तिच्या हातात दे आणि आईला फोन कर.