कायझेन शीट भरून येतात, काम मात्र आहे तिथंच

"ऑडिट तोंडावर आलंय, पोरं कायझेन शीट भरतात पण फरक काहीच नाही, सल्लागार नेमू का?" तुमचं हे वाचलं आणि माझीच जुनी गत आठवली. कायझेन शीट म्हणजे कामगारानं आपल्या कामात छोटी सुधारणा सुचवायचा कागद. सोलापुरातच तुम्ही अक्कलकोट रोडला, मी चिंचोळी एमआयडीसीत, दुखणं एकच.

फाइव्ह एस (जागा आवरून नीटनेटकी ठेवायची पद्धत), टूल बोर्ड, पिवळे पट्टे झालेच असतील, ते सोडतो.

माझं कुठं चुकलं ते सांगतो. आमच्या एका ऑपरेटरनं सीएनसीवर (संगणकानं चालणारं मशीन) जॉ, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, बदलायचा वेळ 50 मिनिटांवरून 20 वर आणला. केलं काय, तर प्रत्येक जॉवर त्याच्या जागेचा नंबर पंच केला आणि अ‍ॅलन की (बोल्ट आवळायची षटकोनी चावी) सायकलच्या जुन्या चेननं मशीनलाच बांधली. शोधाशोध बंद. मी शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. आणि पुढच्याच आठवड्यात, आता वेळ उरतोय म्हणून, त्याच्या हाताखालचा हेल्पर ठेकेदाराला सांगून कमी केला. तो पोरगा ह्याच्याच गल्लीतला निघाला!

पुढं आठ महिने कामाची एक सूचना नाही. शीट मात्र यायच्या: "इथे डस्टबिन ठेवावे", "फॅनची दिशा बदलावी". कारण एका ग्राहक कंपनीच्या क्वालिटी खात्यानं माणशी महिन्याला दोन शीटचा नियम घातलेला. यायचे, शीट मोजायचे, चहा घेऊन जायचे. मशीनपाशी एकदाही कुणी उभं राहिलं नाही. असो.

टोयोटाचे दाखले सगळे देतात. तिथं 1950 मध्ये माणसं कमी करण्यावरून संप झाला, किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. सूचनांची योजना आली ती 1951 मध्ये. म्हणून तुम्हीही माणूस कमी होणार नाही हे आधी सगळ्यांसमोर बोला, आणि पाळा. त्यांच्याकडं अँडनची, म्हणजे अडचणीत मदतीला बोलवायची, दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तरच लाइन थांबते. आपल्याकडं दोरी नसली तरी धावत जाता येतं. मी आता सूचनेला शिफ्ट संपायच्या आत उत्तर देतो, नकार असला तरी कारणासकट.

सल्लागार वाईट असतात असं नाही, पण आत्ता तरी नेमू नका. माझं युनिट तीस माणसांचं, मोठ्या प्लांटला हे लागू पडेलच असं नाही.

आणि हो, टॉवेल कारखान्यातलं वेस्ट स्वस्तात मिळतं म्हणून जॉ पुसायला घेऊ नका. जॉच्या दात्यांत धागा अडकतो, जॉ नीट बसत नाही आणि रनआउट (जॉब फिरताना डगमगणं) कुठून आला हे शोधण्यात अर्धी शिफ्ट जाते.