हेलसिंकीत एकच दुपार हाताशी आहे, शहर वरून कुठून पाहावं?

ऑलिंपिक स्टेडियमच्या मनोऱ्यावरून. लिफ्टने वर गेलं की शहराची छपरं आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत येतो. मला मात्र त्याची उंचीच जास्त आवडते: ७२.७१ मीटर, म्हणजे फिनलंडच्या मॅटी यार्विनेनने १९३२च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भालाफेकीचं नेमकं अंतर! १९५२च्या ऑलिंपिकमध्ये चेक धावपटू एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं इथेच मिळवली. आपल्या खाशाबा जाधवांचं कांस्यही त्याच ऑलिंपिकमधलं, फक्त कुस्त्या स्टेडियमात नव्हे, जवळच्या मेसुहाली या सभागृहात झाल्या होत्या. बाहेर फिनलंडचा महान धावपटू पावो नुर्मी याचा धावता पुतळा आहे, तो चुकवू नका. स्टेडियममध्ये सामना किंवा मोठा कार्यक्रम असेल तर मनोरा बंद असू शकतो, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.