टाकीत एवढा करंट, मग उजेड का नाही?

प्रश्न : मॅडम, मी सातपूर एमआयडीसीत निकेल प्लेटिंगच्या शॉपमध्ये कामाला आहे. पत्नीच्या थायरॉइड रिपोर्टवर पद्धत म्हणून ‘ईसीएलआयए’ छापलं होतं. लॅबवाले म्हणाले, करंट दिल्यावर द्रावणात उजेड पडतो, तोच मोजतात. आमच्या बाथमधून (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीतून) शेकडो अँपिअर जातात, तिथे उजेडाचा पत्ता नाही. असं का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : करंट किती, यावर हे ठरत नाही; इलेक्ट्रॉन कुणाकडून कुणाकडे जातो, यावर ठरतं. तुमच्या बाथमध्ये रेक्टिफायरकडून (एसीचा डीसी करंट करणाऱ्या यंत्राकडून) आलेले इलेक्ट्रॉन जॉबच्या, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूच्या, पृष्ठभागावरच निकेलच्या आयनांना मिळतात. धातूत ऊर्जेच्या पातळ्या इतक्या खेटून असतात की जादा ऊर्जा हप्त्याहप्त्याने उष्णतेत जाते. प्रकाशकण मात्र एकरकमी ऊर्जेवरच निघतो.

लॅबच्या यंत्रात टीएसएचला (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाला) चिकटणाऱ्या अँटिबॉडीला रुथेनियम या धातूचं संयुग जोडलेलं असतं. रक्तात टीएसएच जितकं जास्त, तितकं रुथेनियम चुंबकी कणांवर अडकतं, आणि चुंबक ते कण इलेक्ट्रोडवर धरून ठेवतो. द्रावणात ट्रायप्रोपिलअमाइनही असतं. व्होल्टेज दिलं की दोघंही इलेक्ट्रॉन गमावतात. अमाइन लगेच एक प्रोटॉनही सोडतं आणि इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ असा रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) बनतं. तो इलेक्ट्रॉन रुथेनियम घेतं, पण तळाच्या पातळीत नव्हे, वरच्या पातळीत. तिथून खाली येताना सुमारे 620 नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश बाहेर पडतो. रुथेनियम पुन्हा पुढच्या फेऱ्याला तयार. अमाइन खर्ची पडतं.

इलेक्ट्रॉन वरच का थांबतो? कॉलेजात भौतिक रसायन शिकवताना हाच भाग मला सर्वांत आवडायचा. जितकी जास्त ऊर्जा सुटेल तितकी अभिक्रिया जलद, असं आपण धरून चालतो. रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कस यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतातून निघालं की एका मर्यादेपुढे ऊर्जा वाढली तर इलेक्ट्रॉनची देवघेव उलट मंदावते. थेट तळाला जाण्यात फार ऊर्जा सुटते, म्हणून ती वाट मंद; वरच्या पातळीची वाट जलद. प्रकाश देणाऱ्या अभिक्रियांना त्यांनी हे 1965मध्ये लावून दाखवलं. मंदावण्याचा स्वच्छ प्रायोगिक पुरावा यायला मात्र 1984 उजाडलं! 1992चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना इलेक्ट्रॉन-स्थानांतराच्या याच सिद्धांताबद्दल मिळालं.

रिपोर्टचा विषय निघालाच आहे, म्हणून एक सांगते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. या पद्धतीच्या बऱ्याच चाचण्यांत अँटिबॉडी चुंबकी कणाला बायोटिननेच जोडतात. रक्तात ते फार झालं तर टीएसएच आहे त्याहून कमी दिसू शकतं.