वडिलांच्या घशातली चरबीची गाठ परत आली आहे. अहवालात ‘लायपोसार्कोमा’ आहे. स्वरयंत्र काढावे लागेल का?

आपण लिहिता की वडील 63 वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी काढलेल्या गाठीचा अहवाल ‘लायपोमा’ म्हणजे चरबीची साधी गाठ असा होता, आणि आता त्याच जागी गाठ येऊन नव्या तुकड्यावर लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या पेशींच्या कर्करोगाची, शंका लिहिली आहे. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रिया मी करत नाही, म्हणून निदानाबद्दल सविस्तर आणि उपचारांबद्दल थोडक्यात लिहितो.

त्याआधी एक विचारतो. उताणे झोपल्यावर त्यांचा श्वास कोंडतो का, किंवा श्वास घेताना घरघर येते का? तसे असेल तर पुढचे वाचत न बसता त्यांना आजच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, कारण घशातली देठाची गाठ अचानक श्वासमार्गावर बसू शकते.

साध्या गाठीचा कर्करोग झाला, असे बहुधा घडलेले नसते. ती पहिल्यापासूनच लायपोसार्कोमा असण्याची शक्यता अधिक. या कर्करोगाचा सौम्य प्रकार हुबेहूब चरबीसारखा दिसतो. तुकडा पिवळा, मऊ, तुकडे जपण्याच्या फॉर्मॅलिन द्रावणावर तरंगणारा; सूक्ष्मदर्शकाखालीही बहुतेक पेशी निरोगी चरबीच्याच वाटतात, आणि मधल्या तंतुमय पट्ट्यांत कुठेतरी मोठ्या, गडद केंद्रकाच्या मोजक्या पेशी लपलेल्या असतात. उमेदवारीच्या काळात मी स्वतः अशा एका गाठीला लायपोमा म्हटले होते. ती परत आली तेव्हा जुना ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेला तुकडा, काढून नवे काप घेतले, आणि चौथ्या कापात त्या पेशी दिसल्या. तेव्हापासून घशातली चरबीची गाठ परत आली की मी जुना अहवाल अंतिम मानत नाही.

शंका फिटते ती फिश तपासणीने, म्हणजे पेशींतल्या जनुकाच्या प्रती दाखवणाऱ्या तपासणीने. सौम्य प्रकारात 12व्या गुणसूत्रावरील एमडीएम-2 या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात. साध्या लायपोमात त्या वाढत नाहीत. ही तपासणी जुन्या ब्लॉकवरही होते, म्हणून पहिल्या लॅबकडे लेखी अर्ज करून दोन्ही वेळचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

आता आपला मूळ प्रश्न. गाठ सौम्य प्रकारची आणि लहान असेल, तर स्वरयंत्र बहुधा वाचवता येते: तोंडावाटे दुर्बिणीतून, अनेकदा लेझरने, भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह ती काढतात. गाठ नुसती सोलून काढली तर तिचे अंश मागे राहतात आणि ती परत येते. ती खोलवर पसरली असेल, पुनःपुन्हा आली असेल किंवा आक्रमक प्रकारात बदलली असेल, तर मात्र मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून आधी मानेचा एमआरआय हवा. त्यात जाड पट्टे किंवा चरबीविरहित घट्ट भाग दिसला, तर तुकडा तिथूनच घ्यायला हवा. हा रोग मानेच्या लसिकाग्रंथींत क्वचितच जातो. सौम्य प्रकार दूर पसरत नाही, पण आक्रमक प्रकार फुप्फुसात जाऊ शकतो, त्यामुळे छातीचा सीटी स्कॅनही करून घ्यावा. काढलेल्या भागाच्या काठावर रोग उरला किंवा प्रकार आक्रमक निघाला तर किरणोपचार जोडतात. सौम्य प्रकारावर केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही.

कोल्हापुरात कर्करोगाचे चांगले उपचार मिळतात, तरी हा रोग इतका विरळ आहे की चाकू लागण्याआधी परळच्या टाटा रुग्णालयाचे मत घ्यावे, असे मला मनापासून वाटते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी दादर. एमआरआयची सीडी, पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे आणि ब्लॉक हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. ब्लॉक मेणाचे असतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नका.