विमानाच्या इंजिनाला जाळी का नसते?

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात दिल्लीला निघालो होतो, टेकऑफनंतर थोड्याच वेळात धाडकन आवाज आला आणि विमान परत फिरलं. पक्षी धडकला म्हणाले, मग तासन्‌तास बसवून ठेवलं. इंजिनाच्या तोंडावर साधी जाळी लावली तर हे टळणार नाही का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: जाळी सुचणं साहजिक आहे, पण जरा हिशोब करा. घारीचं वजन जेमतेम पाऊण किलो आणि टेकऑफला विमानाचा स्पीड ताशी २७० किमीच्या आसपास, म्हणजे ती धडक दोन क्विंटलचं पोतं मीटरभर उंचीवरून आदळावं तेवढी. हे झेलायला जाळी जाड सळ्यांचीच लागणार, मग इंजिनाची हवा अडणार, ढगात सळ्यांवर बर्फ धरणार, आणि जाळी तुटली तर पक्ष्याच्या जोडीला लोखंडही आत जाणार, जे पक्ष्यापेक्षा कितीतरी घातक.

त्यामुळे इंजिनच दणकट बनवतात. टेस्टिंगला चालू इंजिनात मेलेले पक्षी नळीतून तोफेसारखे मारतात. लहान पक्षी गेले तर इंजिन चालूच राहिलं पाहिजे, एखादा मोठा गेला तर बंद पडलं तरी चालेल पण तुकडे कव्हर फोडून बाहेर येता कामा नयेत आणि आग आटोक्यात राहिली पाहिजे. बाकीचं काम दुसरं इंजिन करतं. १९ जून २०२२ ला पाटण्याहून निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानाचं डावं इंजिन असंच गेलं, कॅप्टन मोनिका खन्नांनी ते बंद केलं आणि १८५ प्रवासी सुखरूप उतरवले. दोन्ही इंजिनं एकदम गेली की मात्र कठीण असतं, २००९ मध्ये न्यूयॉर्कला कॅनडा गीज या हंसासारख्या मोठ्या पक्ष्यांच्या थव्यामुळे तेच झालं आणि विमान थेट हडसन नदीत उतरवावं लागलं, सगळे १५५ जण वाचले.

तुम्हाला बसवून ठेवलं तेव्हा खाली इंजिनियर टॉर्च मारून पंख्याच्या एकेका ब्लेडची कड बघत असणार, मग बोरस्कोप म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी आत घालून कुठे खोक पडलीय का ते शोधणार. यात घाई करूच नये. त्यातच कुठेतरी चिकटलेलं पीस, रक्ताचा डाग मिळतो, तो जपून ठेवायचा असतो, कारण पक्षी कुठला ते कळलं तरच उपाय कळतो. ऑक्टोबर १९६० मध्ये बॉस्टनला टेकऑफनंतर लगेच विमान कोसळून ६२ लोक गेले, तेव्हा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियमच्या पक्षीतज्ज्ञ रॉक्सी लेबोर्न यांनी पिसांच्या तुकड्यांवरून ओळखलं की इंजिनात गेलेले पक्षी स्टार्लिंग होते, आपल्या साळुंकीच्या नात्यातले, मुठीत मावतील एवढे.

आपल्याकडे टिटवी निघाली तर रनवेकडेचं गवत बघा, पावसाळ्यात तिथे किडे, गांडुळं भरपूर. घार निघाली तर कचरा बघा. लोक म्हणतात पक्षी मारून टाका, पण खायला तिथेच पडलेलं असेल तर उद्या दुसरे येतील! विमान नियम १९३७ मधला ९१ वा नियम सांगतो की एअरपोर्टपासून १० किमीपर्यंत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची नाहीत. आणि चिकनच्या दुकानातली आतडी-पिसं पोत्यात भरून रात्री ओढ्याकाठी फेकलेली आपण सगळेच बघतो. मला याची खरंच चीड येते. असं दिसलं तर फोटो काढून पालिकेकडे आणि एअरपोर्टकडे तक्रार करा, दोघांचे अधिकारी एअरफिल्ड एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंट कमिटीत एकत्र बसतात.

प्रश्न: पायलटला पक्षी दिसत नाहीत का, विमान वळवत का नाहीत?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: दिसला तरी वेळ कुठे असतो, सेकंदाला ७५ मीटर जाताना पक्षी दिसेपर्यंत तो काचेवर आलेला असतो, आणि जमिनीजवळ एवढं मोठं विमान झटकन वळवणं पक्ष्यापेक्षा धोक्याचं. बहुतेक धडका ३००० फुटांखालीच होतात, म्हणून पक्षी दूर ठेवण्याचा सगळा भर एअरपोर्टच्या परिसरावर असतो.